आकडा आधी कोणी बोलायचा

दादाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला ऑफिसात होते. ‘मोठेबाबा जरा सिरियस आहेत, तू मेडशीले निघून ये,’ एवढंच म्हणाला. माझ्या मनात तिथंच शंकेची पाल चुकचुकली. सिरियस असते तर त्यांनाच अकोल्याच्या दवाखान्यात आणलं असतं, मला कशाला बोलावता? मी सरळ विचारलं, ‘दादा, गेले का?’ ‘तू ये आधी,’ म्हणून त्यानं फोन ठेवला. समोरच्याच्या बोलण्यातली खोट शोधायची ही सवय मला मोठेबाबांनीच लावली होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दादा त्यांचा मुलगा. घर आमचं एकच. जन्मभर त्यांनी बैलबाजारात दलाली केली आणि जन्मभर कोणावर विश्वास ठेवला नाही. कोणी चहा पाजला तर ‘काहून पाजून राह्यला?’, लग्नाची पत्रिका आली तर आधी उलटून मागची बाजू बघायची. मोठीआई वैतागून म्हणायची, ‘यमानं उचललं तरी तुमी त्याले कायले म्हणून विचारसान!’

मी बी.कॉम. झाले आणि एका बियाण्याच्या कंपनीचा अर्ज भरायला बसले. खाली एक रकाना होता, अपेक्षित वेतन. तिथंच गाडी अडली. मैत्रीण म्हणे, जास्त लिहिलं तर बोलावणारच नाहीत. बाबा म्हणे, कमी लिहिलं तर तेवढ्यावरच बसवतील. आमच्या घरातली पहिली नोकरी, मी तर पार घाबरून गेलेली. मोठेबाबांनी अर्ज अगदी चष्म्याजवळ नेला.

‘किती द्याचं ते त्यायले मालूम नाही का?’

‘असेलच ना मालूम.’

‘मंग तुले काहून विचारून राह्यले? तुह्या मनातलं काढाले! आकडा तोंडातून काढू नको, पोरी. आधी बोलला तो खपला.’

मला ते शंभर टक्के पटलं. रकाना कोरा ठेवला. मुलाखतीत साहेबांनी अपेक्षा विचारली, तर मी मोठ्या ऐटीत म्हणाले, ‘तुम्हीच सांगा.’ साहेब हसले, नऊ हजार म्हणाले, आणि मी मान डोलावून आले. चार महिन्यांनी कळलं, माझ्यासोबतच लागलेल्या मुलीनं रकान्यात चौदा लिहिले होते आणि तिला तेरा मिळत होते. काम तेच, टेबलही एकच! माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी मोठेबाबांशी धड बोलले नाही. दिवाळीला पाया पडले तेही खाली मान घालून. मनात एक घाणेरडा संशय होता, आज लिहून टाकते. तेव्हा दादाला नोकरी नव्हती. मी त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून तर यांनी मुद्दाम असं सांगितलं नसेल?

शेवटची भेट ते जायच्या महिनाभर आधीची. वाशीमच्या एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं येणार होतं, आणि पुन्हा तोच प्रश्न समोर होता. मी जरा कुजकटपणेच म्हणाले, ‘या वेळीही गप्पच राहू का?’ ते बाजेवर उठून बसले. खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि त्याखालून माझी बोटं दाबली, एकदा तीन, एकदा चार, नुसतं कसं करतात ते दाखवायला. बैलबाजारात भाव असाच ठरतो. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून तोंडानं कोणी बोलत नाही, सगळं बोटांनी.

‘मी तुले तोंड बंद ठेव म्हणलं होतं. पण दुपट्ट्याखाली कोणी गप नाही राह्यत, बाई. बोटं सांगतेच. तुह्या त्या अर्जावर दुपट्टा कोठं होता? तिथं तं आकडा लिहाचाच होता. हे मह्या ध्यानातच नाही आलं... चुकलं माहं.’

हा माणूस ‘चुकलं’ म्हणाला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. रडू यायला हवं होतं, पण माझ्या मनात आलं ते भलतंच. हे आत्ताच कबूल का करताहेत? तब्येतीचं काही लपवून तर नाही राहिले? विचारलं असतं तर बरं झालं असतं. नाही विचारलं.

तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात मुलाखतीसाठी वाशीमला गेले. साहेबांनी विचारलं. या वेळी मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘पंचवीस हजार.’ त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही. ‘चालेल. एक तारखेला या.’

झालं! आनंद व्हायचा तर एसटीत मालेगाव येईपर्यंत शंकेनं नुसता जीव खाल्ला. इतक्या लवकर कसा हो म्हणाला? घासाघीस नाही, कपाळावर साधी आठी नाही. मेडशीला उतरले, तरातरा घरी आले आणि अंगणातूनच ओरडले, ‘मोठेबाबा, तो लगेच हो म्हणाला हो! कमी सांगितलं का मी?’

पदराला हात पुसत मोठीआई बाहेर आली. माझी नजर रिकाम्या बाजेवर गेली. मग ती हळूच म्हणाली, ‘कमीच सांगितलं तुनं. ते असते तं हेच म्हणले असते.’