बुधवारचा लाल माठ

बाबांना घेऊन गिरगावला आत्याकडे जायचं ठरलं ते भांडणातून. गणपतीनंतर त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. आहारतज्ज्ञ बाईंनी पालेभाज्या वाढवायला सांगितल्या. हिरव्या पानांतलं ल्युटीन, लाल माठाचा रंग, अशी रंगद्रव्यं रक्तवाहिन्यांना मदत करत असावीत, संशोधन चालू आहे, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. बाबांनी परळच्या घरी येऊन जाहीर केलं, पाला फक्त सोमवारी. आम्ही मालवणी. रविवार, बुधवार, शुक्रवार मासे, त्या दिवशी ताटात भाजी म्हणजे अपमान. दादाने त्याच रंगद्रव्यांच्या कॅप्सूल मागवल्या, वर बाबांना बाहेर न्यायचं नाही अशी तंबी मला. अरे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आत्तापासून फोटोसारखं भिंतीला टांगू का त्यांना? म्हटलं नेणार, आणि बुधवारीच नेणार.

तुम्ही असं जाणार असाल तर आधी दादरच्या बाजारात बसने सकाळी लवकर जा. माठाची जुडी उलगडून बघा, बाहेरून टवटवीत आणि आत चिखल असतो. मी माठ घेताना बाबा चक्क पाठ करून उभे राहिले. करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, घेताना मात्र घासाघीस त्यांनीच केली. सगळा बाजार दोनशेच्या आत झाला. पुढे गिरगावपर्यंत टॅक्सीच केली, बाबांना दम लागायला नको म्हणून.

गिरगावातली आत्या बाबांची मोठी बहीण. माठात करंदी घालायची कल्पना तिचीच. मी घरच्या सवयीने माठ उकडला आणि लाल पाणी ओतायला निघाले. तिने मनगट धरलं.

"रंगासाठी इलंस ना गो? आणि रंगच मोरीत ओततंस?"

ओशाळले मी. ते पाणी भाजीतच आटलं. जेवताना बाबा करंदी वेचून पाला कडेला सारू लागले. आत्याने ताटच ओढलं आणि म्हणाली, दोन्ही एकत्र खा, नाहीतर आज सोमवार समज. बाबा धुसफुसत जेवले. भात लालेलाल झाला होता.

हृदयाला किती फायदा झाला कोण जाणे, तपासणी व्हायचीय. दादाची कॅप्सूलची बाटली अजून सीलबंद आहे. शुक्रवारी मी मुद्दाम नुसता बांगडा-भात वाढला. बाबांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माठ संपलो?"