धामण कुणाची मादी?

लग्न होऊन मी पडेगावला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. सासरी मेंढरं होती आणि घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांचा. मी नवी सून, मला कोण विचारतंय?

त्या उन्हाळ्यात एका सकाळी सासऱ्यांनी मेंढरांच्या वाड्यात नाग मारला. दुपारी त्याला जाळायला गोवऱ्या रचत होतो, तेवढ्यात कुंपणाच्या काट्यांत एक लांबलचक धामण दिसली. घरात एकच कालवा झाला. नाग म्हणजे नर आणि धामण त्याची मादी, असं आमच्याकडं लहानथोर सगळेच धरून चालायचे.

सासूबाई म्हणाल्या, "आली बघा. नवऱ्याचा सूड घेतल्याबिगर जायाची नाय ती."

सासऱ्यांनी कुऱ्हाड उचलली. मला राहवेना. माहेरी, गंगापूरच्या उसात, मी दोन धामणी एकमेकींना वेटोळं घालून उभ्या राहिलेल्या बघितल्या होत्या. त्यातली एक नर असणार, असं मी तेव्हापासून धरून होते. (पुढं कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं सांगितलं, ते दोन्ही नरच असतील, झुंजत असतील. असेनात का. धामणींत नर असतो एवढं तरी खरं ठरलं.)

"मामा, थांबा," मी सासऱ्यांना म्हणाले. "धामण वेगळ्या जातीची. नागाची मादी नागच असती."

"तुला काय ठावं?"

"दावते."

मेलेल्या नागाचं पोट मला सकाळपासून जड दिसत होतं. उंदीर गिळला असंल, असं सगळे म्हणत होते. मी विळा घेतला. सासूबाई ओरडल्या, "अगं, देव हाय तो! पाप लागंल!" पण आता मागं सरले तर या घरात पुन्हा कधी तोंड उघडता येणार नाही, हे मला पक्कं कळत होतं. मी पोट फाडलं.

आत अंडी होती. पांढरी, लांबट, ओळीनं भरलेली.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्या अंड्यांकडं बघवेना. सासऱ्यांनी कुऱ्हाड खाली टेकवली. धामण एव्हाना ओढ्याकडं निघून गेली होती.

मग सासूबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे ही मादी व्हती. मग हिचा नर येणार की."

झालं! मेंढरं दुसरीकडं हलवायची बोलणी सुरू झाली. वाड्यात पाऊल टाकायला कुणी धजेना.

"मी जाते," मी म्हणाले. "झाडलोट मी करीन, कोकरं मी पाजीन. यायचा तो माझ्यावर येईल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काठी आपटत मी एकटीच वाड्यात शिरले. कोपरा न् कोपरा झाडला. रोज गेले. नर काही आला नाही. मग एका सकाळी सासूबाई दुसरा खराटा घेऊन माझ्या मागं आल्या आणि म्हणाल्या, "तू तिकडून झाड, मी हिकडून झाडते."