पोटातून काहीच कसं निघालं नाही?

हे ऐकून तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा बापडे! फक्त बिस्किट तोंडात असताना हसू नका. घास अडकला की माणसाची काय अवस्था होते, ते मी भोगून बसले आहे, आणि तेही स्वतःच्या शहाणपणामुळे.

आधी माझा स्वभाव सांगते. मी नाशिक रोडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. माझ्या वर्गात कॉपी करायची कुणाची टाप नव्हती. पोरगं वाकून बसलं तरी मला संशय, आणि फारच ताठ बसलं तर दुप्पट संशय! पुढे मी निवृत्त झाले. शाळा सुटली, पण संशय काही सुटला नाही. वर्गातली पोरं गेली म्हणून दूधवाला, रिक्षावाला आणि आमचे हे माझ्या नजरेखाली आले.

आणि त्यात ही ॲसिडिटी. साधीसुधी नव्हे हो! जेवण झालं की छातीत शेगडी पेटायची. आडवी झाले की आंबट पाणी थेट घशात. मग मी पाठीशी उशांचा डोंगर रचून बसल्या बसल्याच झोपायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, तू झोपतेस की पहारा देतेस?"

गोळ्या झाल्या, थंड दूध झालं, आवळा झाला, शेजारणींनी सांगितलेलं सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल झाली आहे. जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय. अन्ननलिका आतून भाजल्यासारखी झाली आहे. हे असंच चालू ठेवणं बरं नाही. ऑपरेशनचा विचार करा."

"ऑपरेशनमध्ये काय काढणार?" मी विचारलं.

"काढणार काहीच नाही. जठर खाली ओढून घेणार आणि त्याचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालणार. गळ्याभोवती मफलर गुंडाळतो ना, तसं."

आता मला सांगा, कुठल्या शहाण्या बाईचा यावर विश्वास बसेल? पोटात मफलर! मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्यांकडे गेले. तेही तेच बोलले.

आमचे हे खूश झाले. "बघ, तिघांचंही एकच उत्तर आलं!"

"म्हणूनच तर!" मी म्हटलं. "तिघांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलं, म्हणजे कॉपी झालेली आहे!"

तर असा माझा नकार. तो मोडला माझ्या भाचीच्या साखरपुड्यात. मी तिची ओटी भरायला वाकले, आणि आतून जी आंबट लाट आली ती घशातून थेट नाकात! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आवाज बंद, हातातला नारळ तसाच हवेत. सगळ्यांना वाटलं, मावशी गहिवरल्या. भाचीही रडायला लागली. तिची सासूही रडायला लागली. फोटोवाल्याने तर जवळ येऊन फोटो काढले! आणि मी मनात म्हणत होते, बायांनो, ही माया नाही, सकाळची साबुदाण्याची खिचडी आहे.

त्या दिवसानंतर माझा आवाज जो बसला तो उठेनाच. आयुष्यभर ज्या आवाजाने वर्ग थरथरले, तो फाटक्या भोंग्यासारखा झाला. तेव्हा मात्र मी घाबरले. म्हटलं, करून टाकू.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले, तर पोटाचं सोडा, माझा खांदा ठणकत होता!

"डॉक्टर, पोटाचं ऑपरेशन, मग खांदा का दुखतोय?"

"ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरावा लागतो. त्यामुळे दुखतं तिथे. जाईल दोन-तीन दिवसांत."

ऐकलंत? मी गॅसला कंटाळून यांच्याकडे आले, आणि यांनी वरून आणखी भरला!

मी हळूच गाऊन वर करून पाहिलं. पोटावर चार-पाच इवल्याशा पट्ट्या. बस्स! माझ्या आईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा पोटावर हा एवढा टाक्यांचा रस्ता होता. आणि माझ्या पोटावर काय, तर ढेकूण चावल्यासारखे ठिपके. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे.

घरी आले. खायला काय, तर पातळ. मुगाचं कढण, भाताची पेज, गाळलेलं सूप. मग हळूहळू मऊ भात. पाव, पोळी, कच्चं काही बरेच दिवस बंद. "टाक्यांना सूज असते, घास अडकेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचे हे तर गाळणं घेऊन माझ्यामागे फिरत होते.

अशात माझी सेवा करायला नांदगावहून वन्सं आल्या. म्हणजे माझी नणंद. बाई मनाने सोन्याची, पण आल्या आल्या पिशवीतून एक छोटी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. आत करडे, गुळगुळीत खडे.

"माझ्या पित्ताशयातले हायेत," वन्सं अभिमानाने म्हणाल्या. "डॉक्टरनं स्वतः हातात दिले. तुमचं काय निघालं, वहिनी?"

"काही नाही."

"काहीच नाय?"

"काही काढायचं नसतंच म्हणे यात. नुसतं गुंडाळतात."

वन्सं माझ्या जवळ सरकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला तर नाय ना गुंडाळलं?"

झालं! जी शंका मी मनात दाबून ठेवली होती, तिला वन्संनी पाय दिले. आम्ही दोघी बसलो पुरावे तपासायला. निघालं काहीच नाही. टाके दिसत नाहीत. दुखला तो खांदा. बाहेर बसलेल्या आमच्या ह्यांनी आत काय चाललं ते पाहिलेलं नाही. मी तर बेशुद्धच होते. म्हणजे साक्षीदार शून्य!

"पण वहिनी, तुमचं आंबट पानी तर थांबलंय ना?"

"वन्सं, नुसती पेज पिऊन कुणाला आंबट येईल हो? पेजेवर ठेवलं तर कुणीही बरं होईल. ही परीक्षाच खोटी आहे. पेपर सोपा काढायचा आणि वर्ग पास झाला म्हणायचं!"

"मग अवघड पेपर कोन्ता?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नाशिकमध्ये राहून हा प्रश्न पडावा? मिसळ!

सांगते, त्यात खाण्याचा मोह तिळभरही नव्हता. शुद्ध शास्त्रीय तपासणी! झणझणीत रस्सा खायचा. आंबट वर आलं तर ऑपरेशन खोटं, नाही आलं तर खरं. हे भाजी आणायला गेले, आणि आम्ही दोघी रिक्षात बसलो.

मिसळ आली. वर लालभडक तर्री, पापड, कांदा. मी पहिला चमचा घेतला आणि छातीवर हात ठेवून थांबले. काही नाही. दुसरा घेतला. काही नाही! वन्सं माझ्या तोंडाकडे थर्मामीटरकडे बघावं तसं बघत होत्या.

"येतंय का वर?"

"नाही येत."

"मग झालं असंल खरंच ऑपरेशन. चला घरी."

इथे उठले असते तर आज हा किस्सा झाला नसता. पण मी गणिताची बाई. म्हटलं, नुसत्या रश्शाने सिद्ध होत नाही. पाव तोडला, रश्शात बुडवला, आणि चांगला मोठा घास घेतला.

तो घास गेला... आणि छातीच्या मध्यावर जाऊन बसला. बसला म्हणजे ठाण मांडून बसला! खाली जाईना, वर येईना. पाणी प्यायले, तर तेही वरच्या वर परत. थुंकीसुद्धा गिळता येईना. उलटी काढायचा प्रयत्न केला, तर नुसता आवाज, बाकी काही नाही. छातीत अशी कळ, की मला वाटलं, आता माझा फोटो भिंतीवरच!

वन्संनी माझ्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली. हॉटेलवाला धावत आला. "मावशी, तिखट लागलं का? दही देऊ?"

"अवो, दही काय देता!" वन्सं ओरडल्या. "वहिनीचं ऑपरेशन झालंय!"

"मग मिसळ खायला कशाला आणलं?"

"ऑपरेशन झालंय का ते बघायला!"

त्या हॉटेलवाल्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

रिक्षा थेट दवाखान्यात. मी तोंडाशी रुमाल धरून बसलेली. वन्संनी फोन केल्यामुळे हेही हातात मेथीची जुडी घेऊन तिथे पोचले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

आता मला सांगा, मी काय उत्तर देणार? त्याच माणसावर संशय घेऊन खाल्लेली मिसळ त्याच माणसाला कशी सांगणार?

"मुगाचं कढण," मी रुमालातून म्हटलं.

"कढण अडकलं?" डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा सांगा, काय खाल्लं?"

"दाट होतं जरा."

त्यांनी पुढे वाद घातला नाही. घशात बधिर करणारा फवारा मारला आणि दुर्बीण आत सोडली. समोर मोठा पडदा. मी कुशीवर, माझ्यामागे हे, ह्यांच्यामागे वन्सं. सगळ्यांना सगळं दिसत होतं. माझी गुलाबी अन्ननलिका, आणि तिच्या तळाशी, लाल तर्रीत न्हालेला, फुगलेला पावाचा गोळा! वर सन्मानाने चिकटलेली एक मटकी. मोड आलेली.

मग आमचे हे शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे मुगाच्या कढणाला हल्ली पाव लावतात."

"दादा, मी म्हनत होते, रश्शावर थांबू!" वन्संनी तिथल्या तिथे पलटी मारली.

आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. तोंडात नळी! आयुष्यभर मी रंगेहाथ पकडलेल्या पोरांना "बोल ना आता, तोंड का बंद?" असं विचारत आले. त्या दिवशी मला त्यांचं दुःख कळलं.

डॉक्टरांनी तो गोळा अलगद बाहेर काढला. मग दुर्बीण जठरात नेऊन मागे वळवली आणि म्हणाले, "मॅडम, आता नीट बघा. हा घातलेला वेढा. कसा घट्ट बसलाय! सैल असता तर तुमचा पाव सरळ खाली गेला असता. पाव अडकला, म्हणजे ऑपरेशन झालंय."

खरंच होता हो तो मफलर! व्यवस्थित, गळ्याशी गुंडाळल्यासारखा. मला लाज वाटली आणि, खरं सांगते, जरा बरंही वाटलं.

नंतर मी आज्ञाधारक मुलीसारखी पेज प्यायले. सूज उतरली, मऊ भात आला, मग पोळी आली. आता मी एका उशीवर आडवी होऊन झोपते. आवाजही परत आला. तो परत आल्याचं आमच्या ह्यांना माझ्या आधी कळलं.

आणि परवा डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, हरसूलकडचे एक काका आलेत. तुमचाच आजार आहे, पण आमच्यावर विश्वास बसत नाही त्यांचा. तुम्ही जरा समजवाल का?"

मी तर साडी बदलून तयार! अहो, माझ्याहून योग्य माणूस कोण? काका आणि काकू बाकावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. झडप सांगितली, मफलर सांगितला, डॉक्टरांच्या हाताचं कौतुक केलं. शेवटी म्हटलं, "काका, डोळे मिटून करा. मी स्वतः पडद्यावर पाहिलंय!"

काका हात जोडून सगळं ऐकत होते. मान हलवत होते. मी समाधानाने उठले, दारापर्यंत गेले, आणि मागून काकांचा दबका आवाज आला.

"चल, उठ गं. दुसरीकडं दाखवू. हितं पेशंट पटवायला पगारी बाई ठेवलीय!"