नामीची हाक

चार-पाच दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायची, चर्चच्या भगिनी मंडळात बायबलमधल्या रूथच्या पुस्तकावर धडा घ्यायचा आहे, त्याची तयारी चालली आहे. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं कारण होतं सुनेचा फोन.

माझा एकुलता मुलगा अमोल आजारपणात गेला, त्याला तीन वर्षं होत आली होती. सून प्राजक्ता अकोल्याला नर्स आहे. दर शनिवारी ती अमरावतीला माझ्याकडे यायची, रविवारी आम्ही दोघी उपासनेला जायचो आणि दुपारी जेवून ती परत निघायची. त्या शनिवारी ती आली नाही, फोन आला. बराच वेळ अडखळून म्हणाली, "आई, एक स्थळ आलंय. माणूस चांगला आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही."

"प्रार्थना करून सांगते," असं म्हणून मी फोन ठेवला. प्रार्थना मात्र केली नाही. देव काय म्हणेल याची भीती वाटत होती.

त्याऐवजी मी धड्याला बसले. मी निवृत्त शिक्षिका. पत्राद्वारे ईश्वरविज्ञानाचा अभ्यासही पुरा केलेला, म्हणून मंडळातले अवघड धडे माझ्याकडे येतात. रूथ तर माझी लाडकी. नवरा मेल्यावरही सासूला न सोडणारी, तिच्यामागे परक्या मुलखात जाणारी सून. हा धडा प्राजक्ताला समोर बसवून घ्यायचा, असं मी मनात ठरवलं. उघड बोलायची गरजच नव्हती, शास्त्रच माझ्या बाजूनं बोललं असतं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी दोन जाडजूड विवरणग्रंथ दिले होते. आमचे अभ्यासक्रमाचे गुरुजी नेहमी सांगायचे, वचन आधी ज्यांच्यासाठी लिहिलं गेलं त्यांच्या कानांनी ऐका, मग आपल्या. तसं ऐकायला गेले आणि माझी पंचाईत झाली. त्या काळी विधवेला बाप, नवरा किंवा मुलगा याखेरीज आसरा नव्हता. हे माहीत असूनच रूथची सासू नामी आपल्या दोन्ही विधवा सुनांना माघारी धाडते, नव्या नवऱ्याच्या घरी तुम्हाला विसावा मिळो असा आशीर्वाद देते. परत जा, परत जा, असं पुन्हा पुन्हा विनवते. तुम्हाला सोडणार नाही ही रूथची शपथ नामीनं मागितलेलीच नव्हती. आणि परत गेलेली ती दुसरी सून, अर्पा? रविवारच्या शाळेत किती वर्षं मी मुलांना शिकवलं, की ती बेइमान निघाली. आता सगळा अध्याय पालथा घातला, पण तिला दोष देणारा एक शब्द सापडेना.

मी पुस्तक मिटायची, गॅलरीत जायची. खाली राजापेठेत शिकवण्या सुटलेल्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट. पुन्हा आत येऊन पुस्तक उघडायची. चहा ठेवायची आणि प्यायला विसरायची. चाळीस वर्षं ज्या शास्त्रावर प्रेम केलं, त्याच्यावर मला राग येत होता. प्राजक्ता गेली की शनिवारी दार वाजवणारं कुणी उरणार नव्हतं, आणि त्याचं उत्तर त्या ग्रंथांत कुठेच नव्हतं.

बुधवारी मी अकोल्याला निघाले. 'अजून वर्षभर थांब' एवढंच तिला सांगायचं, असं ठरवून. सरळ जाणारी बस चुकली, म्हणून दर्यापूरची धरली आणि तिथून जीप. जीपमध्ये शेवटची एकच जागा होती. शेजारी माझ्याच वयाची एक शेतकरीण, मांडीवर गाठोडं धरून. मी पुस्तक उघडलं.

"काय वाचून राह्यल्या बाई?" तिनं विचारलं.

"आमच्या शास्त्रातली गोष्ट आहे, सासू-सुनांची."

"मंग सांगा न. मले वाचता येत नाही, पण ऐकाले बरं वाटते."

मी सांगू लागले. दुष्काळ, परका देश, नवरा आणि दोन्ही मुलं गेलेली नामी, वाटेत उभ्या राहिलेल्या तिघी. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांबा. थे सासू त्याइले हाक कशी मारे? सूनबाई म्हणे का पोरी म्हणे?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी ओळीवरून बोट फिरवत गेले. गोष्ट सांगणारा त्यांना सुना म्हणतो. नामी एकदाही म्हणत नाही. माझ्या मुलींनो, माझ्या मुलींनो. पुढच्या अध्यायांत पाहिलं, तिथेही रूथला हाक तीच, माझ्या मुली.

"पोरी म्हणते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "पोरगी म्हटली का तिले घरी ठेवता येते काय? माहा पोरगा मोटर चालू कराले गेलता, तिथंच करंट लागला. सून बावीस वर्साची. लोक म्हणत, काहून धाडतं, तुहं कोण करन? पण मीच तिच्यासाठी पोरगं पाह्यलं. आता तिचं पयलं बाळातपण हाय अकोल्याले. पयलं बाळातपण मायेरी होते न? तिले माय नाही. मंग तिचं मायेर मीच."

"तुम्हाला एकटं वाटत नाही?"

"वाटते न. काहून नाही वाटन?" ती सहज म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

अकोल्याला उतरून ती गाठोडं डोक्यावर घेऊन गर्दीत निघून गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही. जाड ग्रंथांनी जे मला दाखवलं आणि मी पाहायचं टाळलं, ते तिनं एका प्रश्नात माझ्यापुढे ठेवलं, एवढंच मला ठाऊक आहे.

प्राजक्ता ड्यूटीवरून नुकतीच आली होती. मला दारात पाहून तिचा चेहरा उतरला. ती नकार ऐकायच्या तयारीनं उभी राहिली. तीन वर्षं मी तिला अशी उभी केली होती, हे तेव्हा दिसलं. ठरवलेलं वाक्य ओठांवर आलंच नाही. मी म्हटलं, "पोरी, मुलगा कोण आहे ते तरी सांग मला." ती खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. मग तिनं कुकर लावला.

धडा मी मंडळात घेतला. अर्पाबद्दल इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, ही कबुलीही सगळ्यांसमोर दिली. शास्त्र आपल्या बाजूनं उभं करायला निघालेल्या माणसाला ते हळूच वळवून समोर बसवतं, हे मी शिकले. सोडून देणं म्हणजे दुःख नाहीसं होणं नव्हे. शनिवारची सकाळ मला अजून जड जाते, आणि त्या जडपणासकट मी प्रभूपुढे बसते. एके काळी जी प्रार्थना करायला मी घाबरले, ती आता रोज करते, त्या दोघांसाठी. त्याबद्दल प्रभूचे उपकार मानते.

लग्न अकोल्याच्या चर्चमध्ये झालं. पाळकांनी नोंदवही पुढे केली आणि विचारलं, "वधूकडून साक्षीदार कोण?" मी पुढे झाले. पेन घेतलं आणि सही केली, नीट वाचता येईल अशी.