जठारपेठेतला समुद्र

आक्कांना एका बैठकीत पूर्ण जेवताना मी कधी पाहिलं नाही. पहिला घास तोंडात, दुसरा हातात, की आक्का उभ्या. उष्टा हात वर धरून बैठकीत जायच्या, काचेला नाक लावायच्या, पंपाचा आवाज कान देऊन ऐकायच्या आणि परत पानावर यायच्या, तोवर वरणावर साय धरलेली असायची. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेल्या तर तिथेही उठायच्या. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं, पण उठायच्या.

"आक्का, बसा न दोन मिन्टं," मी म्हणायची.

"समुद्र बसते का कधी? मंग मी काहून बसू?"

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. अमरावतीला मुलींच्या शाळेत सारा जन्म विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. बहुधा तेवढा वेळ कुणी एका जागी बसून बोलणीच केली नसतील. निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका आणि एक बेत घेऊन त्या अकोल्याला जठारपेठेत आमच्याकडे राहायला आल्या. बेत असा की घरात समुद्र करायचा. चार शोभेचे मासे नव्हे. खरा खारा समुद्र, लाटा मारणारा, जिवंत प्रवाळांचा. माझी मुलं त्यांना समुद्रआत्या म्हणायला लागली ती तेव्हापासून.

आमचे हे वकील. बैठकीत पक्षकारांसाठी एक लांब बाक होता. तो अंगणात गेला आणि त्या जागी पाच फूट लांब काचेची टाकी आली. खाली लोखंडी घोडा, त्यात गाळणीची दुसरी टाकी, वर निळे दिवे, बाजूला पाणी गार ठेवणारं यंत्र. समुद्री मिठाची पोती आली. ती मी स्वयंपाकघरात ठेवून घेतली, तर आक्कांनी पोतं तसंच उचलून परत नेलं. मी तेव्हा पन्नाशीला आलेली, आणि अकोल्यात माझ्याइतकी संसारी हुशारी कुणाला नाही, अशी माझी खात्री होती. ती खात्री कुठे बुडाली तेच सांगायला बसले आहे.

टाकी भरली, खडक रचले, पंप सुरू झाले आणि मासे मात्र नाहीत. पक्षकार यायचे, काचेत बघायचे, एकमेकांकडे बघायचे. "मासे झोपले काय जी?" एकाने विचारलंच. आक्का म्हणाल्या, "टाकीचा सव्वा महिना चालू आहे. बाळंतिणीकडे कोणी दुसऱ्या दिवशी जेवाले जाते का?" पाण्यात आधी न दिसणारे जीवजंतू वसावे लागतात, ते घाण पचवायला शिकतात, मग बाकीच्यांनी यायचं. आक्का रोज परीक्षानळीत पाणी घ्यायच्या, थेंब टाकायच्या, रंग बघायच्या आणि कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी आकडे लिहायच्या. सव्वा महिना त्या रिकाम्या पाण्याभोवती येरझाऱ्या घालत होत्या. मी हसत होते.

मग गोगलगायी आल्या, लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आल्या, प्रवाळाचे बोटभर तुकडे आले, केशरी माशांची एक जोडी आली. आणि शेवटी आलं समुद्रफूल. नावाचंच फूल, खरा तो प्राणी. पायाने खडकाला धरून बसतो, वर झुलणारी बोटं, आणि त्या बोटांत माशांची जोडी नांदते. आमचं समुद्रफूल मात्र बसेचना. सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे, दोन दिवसांनी मागच्या काचेवर. बिचारे मासे बिऱ्हाड घेऊन त्याच्यामागे. "तिले जागा पसंत नाई अजून," आक्का म्हणायच्या. "पसंत पडली का बसन." मी मनात म्हणायची, एका घरात दोन झाल्या.

समुद्राला सव्वीसच्या वर उष्णता सोसत नाही आणि आमच्या अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. लाइन गेली की आक्कांची धावपळ. पाण्याने भरलेल्या बाटल्या बर्फ करून टाकीत तरंगत ठेवायच्या. आमच्या फ्रीजमध्ये त्या मावेनात म्हणून गल्लीतल्या सहा घरांच्या फ्रीजमध्ये आक्कांच्या बाटल्या असायच्या. लाइन गेली की सहा दारांतून सहा बायका बाटल्या घेऊन निघायच्या. "आत्या, समुद्राले ताप आला काय वं?"

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी वाफ होऊन उडायचं. उन्हाळ्यात रोज आठ-दहा लिटर. आक्कांनी माझ्याच नेलपेंटने काचेच्या कडेला लाल रेघ ओढली होती. जन्मात नखाला न लावलेला रंग त्यांनी समुद्राला लावला. पाणी दोन बोटं उतरलं की रेघेपर्यंत शुद्ध केलेलं गोडं पाणी घालायचं. "पाणी उडते, मीठ उडत नाई," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की ते ऐकू येणं बंद झालं. माझं डोकं म्हणायचं, समुद्रात गोडं पाणी? या शिकलेल्या बाईला इतकं कळू नये?

(मध्येच उठून ती रेघ बघून आले. तुम्हाला कळलं नसतं, पण सांगितलेलं बरं.)

आक्कांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. त्यांची एक विद्यार्थिनी अमरावतीला डोळ्यांची डॉक्टर. तिच्याकडेच ऑपरेशन करायचं ठरलं. पाच दिवस मैत्रिणीकडे मुक्काम, नंतरही वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. आक्का दोनदा दारातून परत आल्या. तिसऱ्यांदा माझा हात धरून शुद्ध पाण्याच्या निळ्या कॅनपाशी नेलं. "या कॅनमधलंच पाणी टाकजो. दुसरं काई नाई. समजलं?"

"समजलं, आक्का. मी काय लहान आहे?"

दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे भिशी होती. त्या निळ्या कॅनमधल्या पाण्याचा चहा फार सुरेख व्हायचा. बारा बायका, दोन-दोन कप, वर रसना. कॅन संपला. नळ चार दिवस येणार नव्हता आणि पाणी शुद्ध करणारं यंत्र नळावाचून मुकं. मी घाबरले का? छे. मला उलट अशी काही कल्पना सुचली की मी स्वतःवर खूश झाले.

माझं माहेर पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. आमच्या विहिरीचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मी भावाला फोन केला, "बाजारात येताना विहिरीचं पाणी आणजो. चार कॅन."

"कोनाले पायजे? ढोरं तोंड लावत नाई त्याले."

"समुद्राले."

भाऊ म्हणाला, "भाटवे घरी आहेत काय? त्यायले फोन दे." भाटवे म्हणजे आमचे हे.

पाणी आलं. आता ते तसंच ओतणारी मी नव्हते. आईची शिकवण, पाणी तांब्यात रात्रभर ठेवलं की शुद्ध होतं. देवघराशेजारची तांब्याची मोठी घागर काढली, चिंच-मिठाने अशी घासली की तोंड दिसावं, आणि खारपाणाचं पाणी तिच्यात मुरवलं. रोज सकाळी लाल रेघेपर्यंत. ओतताना मला वाटायचं, आक्का परत येतील आणि म्हणतील, प्रभे, हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही.

ओतायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. चौथ्या दिवशी दोन्ही कोळंब्या उताण्या. प्रवाळांनी मुठी मिटल्या. समुद्रफूल पिळून टाकलेल्या पोछ्यासारखं झालं. मासे मात्र ठणठणीत, त्यामुळे मला काहीच समजेना. कोळंब्या मी मोगऱ्याच्या कुंडीत पुरल्या. संध्याकाळी आक्कांचा फोन आला. "कसं आहे वं?"

"झकास," मी म्हटलं.

अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे गाडीने आक्का आल्या, डोळ्यावर काळा चष्मा. पिशवी हातातच, सरळ टाकीपुढे. काचेला नाक लावलं. मग विचारलं, "काय झालं?"

तोंडातून आलं ते असं, "परवा लाइन गेली होती. चार घंटे."

वाक्य फार सोपं होतं. बाहेर पडल्यावर मात्र ते माझ्या ताब्यात राहिलं नाही. आक्का म्हणाल्या, म्हणजे उन्हानं झालं. अशा वेळी पाणी बदलायचं नाही, आणखी धक्का बसतो; फक्त गार ठेवायचं आणि वाट बघायची. गल्लीतून बाटल्या मागवल्या. समुद्रफुलाचा पाय सुटत चालला होता. मग त्या येरझाऱ्या घालायला लागल्या, आणि एकदम थांबल्या. "कागद घे. वीज ऑफिसले अर्ज लिहायचा आहे. मले दिसत नाई, मी सांगतो तसं लिही."

मी लिहायला बसले. आक्का शाळेत श्रुतलेखन घालावं तशा सांगत होत्या. "मे महिन्यात पूर्वसूचनेवाचून चार तास वीज बंद ठेवल्यामुळे. स्वल्पविराम. माझ्या भावजयीने डोळ्यांत तेल घालून राखलेले मुके जीव. लिहिलं?"

"भावजयीने," मी म्हटलं.

"डोळ्यांत तेल घालून."

माझा पेन 'डोळ्यांत'वर थांबला. समोर त्यांचा तो काळा चष्मा, खाली गालावर उतरलेलं औषध. पलीकडे काचेत समुद्रफूल खडक सोडून हळूहळू पंपाच्या तोंडाकडे ओढलं जात होतं. मला इतकंच कळलं, की हा अर्ज पुरा झाला तर ते मरेल.

"आक्का, लाइन गेली नव्हती."

मग सगळं सांगितलं. भिशी, चहा, विहीर, घागर. आक्का म्हणाल्या, "घागर आण."

मी आणली. त्यांनी आत बोट फिरवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. "चिंचेनं घासली व्हती?"

"लखलखीत."

"माशाले तांबं चालते. बिनहाडाच्या जिवाले ते जहर आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, घागर खाली ठेवत, "तुह्या माहेरच्या पाण्यात सारं आहे वं, फक्त समुद्र नाई."

रागावायला त्यांना सवड नव्हती. निम्मं पाणी आत्ताच्या आत्ता बदलायचं होतं, गाळणीत नवा कोळसा भरायचा होता, आणि त्यांना वाकायची बंदी. तेव्हा तोवर त्या टाकीत नखही न बुडवलेली मी, बांगड्या वर सारून, खांद्यापर्यंत आत. ह्यांना टँकरवाल्याकडे पिटाळलं. यंत्र टँकरच्या पाण्यावर लावलं. मीठ आक्का मोजून देत होत्या, मी ड्रममध्ये ढवळत होते. "गोल नको ढवळू, ते ताक नाई." समुद्रफूल मी पिठाच्या चाळणीत धरून पंपापासून लांब नेलं आणि चाळणीतच राहू दिलं. माशांची नर-मादी मिळून माझ्या मनगटाला चावत होती. बरोबरच होतं त्यांचं.

एकदा पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा आक्का अंगणातला पक्षकारांचा बाक आत घ्यायला लावून टाकीपुढे बसल्या. बसल्या! आमचे हे दारातून बघून गेले आणि मला हळूच म्हणाले, "आक्काले ताप आहे का पाह्य." मी शेजारी बसले. प्रवाळांचे तुकडे एक-एक करून पांढरे पडत होते, तीन वाचले. त्या बाकावर आक्कांनी मला एक गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना त्यांची सहल मालवणला गेली होती. ओहोटीला खडकातल्या डबक्यात त्यांना समुद्रफूल दिसलं. बोट घातलं, तर त्याने धरलं. "सोडेच ना वं. वरून सर ओरडून राहिले, बस निघाली, बस निघाली. मंग मी बोट ओढून काढलं." एवढीच गोष्ट.

नवव्या दिवशी चाळणीतून एक पाय बाहेर आला. समुद्रफूल चालायला लागलं. पुढच्या काचेजवळच्या सपाट दगडावर, बाकाच्या अगदी समोर येऊन बसलं. ते आजतागायत तिथून हललेलं नाही. आक्का मात्र त्याच दुपारी उठल्या आणि पुन्हा कधी बसल्या नाहीत.

ती घागर आता फाटकाबाहेर बोगनवेल सांभाळते. हल्ली जो तो तांब्याची बाटली घेऊन हिंडतो. माझ्या बैठकीत यायचं तर ती पायरीवर ठेवावी लागते. नव्या सूनबाईला वाटलं, सासूबाईंचं काहीतरी सोवळं असेल. मी तिला घागरीची गोष्ट सांगितली तर ती इतकी हसली की मला तिचा रागच आला.

आक्का गेल्या त्याला आता चार वर्षं होतील. चैत्रातली दुपार. "जरा आडवी होतो," म्हणाल्या. आक्का दुपारच्या आडव्या होतात म्हटल्यावरच मला संशय यायला हवा होता.

मोक्षधामातून माणसं परत आली. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. मी ओल्या केसांनी बैठकीतून जात होते आणि नजर गेली. पाणी लाल रेघेखाली दोन बोटं. निळा कॅन उचलला. चांदूर रेल्वेहून आलेल्या चुलत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "प्रभे, सुतक आहे वं. दहा दिवस राहू दे ते."

"समुद्राले सुतक नसते, काकू," मी म्हटलं, आणि पाणी घातलं, रेघेपर्यंत. घालून झाल्यावर हात काढणार, तो समुद्रफुलाची बोटं माझ्या बोटाजवळ झुलत होती. मी बोट पुढे केलं. त्याने धरलं. चिकट, बारीक, आणि किती घट्ट.

"प्रभे, पानं वाढली," आतून हाक आली. मग पुन्हा, "प्रभे, ये न वं, सारे थांबले."

थांबले तर थांबू देत. ते आपणहून सोडेपर्यंत मी बोट काढलं नाही.