रिकामं भांडं परत देऊ नये

आईने शिकवलेल्या निम्म्या गोष्टी मी इकडे कॅनडात येऊन सोडून दिल्या. उपास सोडले, अमक्या वारी केस धुवायचे नाहीत तेही सोडलं. एक गोष्ट मात्र हाडीमाशी भिनली होती: शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. ब्रॅम्पटनला होतो तेव्हा शेजारच्या पंजाबी बायकांनाही हे सांगावं लागायचं नाही. डबे भरून जायचे, भरून यायचे, आणि मूळ डबा नक्की कुणाचा यावरून आमची थट्टामस्करी चालायची. मला ह्या नियमाचा अभिमान होता. उगाच खोटं कशाला बोलू?

रिटायर झाल्यावर ह्यांना समुद्र हवा झाला, म्हणून आम्ही ब्रॅम्पटनचं घर विकून नोव्हा स्कोशियात आलो. छोटं गाव, गावाबाहेर कच्चा रस्ता, रस्त्याच्या टोकाला दोनच घरं. एक आमचं. दुसऱ्यात शाळेची बस चालवणारी एक बाई आणि तिचे वडील. म्हाताऱ्यांनी जन्मभर मासेमारी केली होती, आता पक्षाघाताने एक बाजू गेली होती. त्यांना पातळ आणि गरम तेवढंच गिळता यायचं. थंड काही दिलं की ठसका लागायचा. हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं. मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

गणपती उठून थोडे दिवस झाले होते आणि हरिकेन आलं. त्याचं वर्णन मी करत बसत नाही, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सकाळी पाहतो तर रस्त्यावर स्प्रूसची झाडं आडवी, त्यांत विजेच्या तारा गुंतलेल्या. तारांजवळ कुणी फिरकू नका, असं रेडिओवर पुन्हा पुन्हा सांगत होते. म्हणजे आमची दोन घरं जगापासून तुटली. एक झाड तिच्या घरावर पडलं होतं, पण मागच्या बाजूला. आमच्या खिडकीतून नुसता शेंडा दिसायचा.

दुपारच्या आतच ती रेनकोट घालून आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं मोठं निळं पातेलं, त्यात वाफाळतं सूप. आम्ही मांस खात नाही हे लक्षात ठेवून नुसत्या भाज्यांचं केलेलं. आमची शेगडी विजेची, त्यामुळे घरात चहासुद्धा नव्हता. ती म्हणाली, गराजमध्ये कॅम्पिंगचा स्टोव्ह सापडला, वडिलांपुरतं काढून ठेवलंय, हे तुम्हा दोघांना. घरावर झाड पडलं का, विचारलं तर म्हणाली, आम्ही ठीक आहोत. पातेलं केव्हाही द्या, घाई नाही.

सूप आम्ही त्या दिवशी संपवलं. पातेलं मी घासून लख्ख केलं आणि ओट्यावर ठेवलं. आता हे रिकामं कसं द्यायचं? हे म्हणाले, "अगं, नेऊन दे तसंच. तिला लागत असेल." मी म्हटलं, रिकामं? आईने पाठीत धपाटा घातला असता. हे म्हणाले, मग साखर घाल चिमूटभर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई वादळात गरम सूप घेऊन आली आणि मी तिला चिमूटभर साखर देऊ? वीज आली की तुपातला शिरा करीन, काजू-बेदाणे घालून, आणि मग देईन. ह्यांनी हात जोडले आणि बॅटरीवरचा रेडिओ कानाला लावला.

वीज काही येईना. आम्ही चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, लोणचं-ब्रेड खात होतो. गारठा वाढला होता, पण तसं आमचं बरं चाललं होतं. आणि त्या दिवसांत मी तिच्याकडे एकदाही गेले नाही. का, तर तिचं भांडं आपल्या घरात आणि आपण हात हलवत कसं जायचं! ती अंगणात दिसली की मी खिडकीतून मागे व्हायचे. एकदा ती आमच्या पायऱ्यांपर्यंत आली, थोडी थांबली आणि वळून गेली. मी पडद्याआडून बघत होते. मला वाटलं, सहज फेरी मारत असेल.

मग एके दिवशी करवतींचा आवाज आला. गावातले लोक, त्यांच्यामागे विजेच्या कंपनीचे दुसऱ्या प्रांतातून आलेले ट्रक. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. माणसं आपापली करवत, आपापला थर्मास घेऊन आली आणि संध्याकाळच्या आत रस्ता मोकळा झाला, दिवे लागले. मी पहिलं काय केलं असेल तर रवा भाजायला घेतला. असा काही शिरा झाला म्हणून सांगू! पातेलं काठोकाठ भरलं, वर काजू लावले आणि ताठ मानेने निघाले.

तिचं गराज उघडं होतं. वडील खुर्चीत, अंगावर स्लीपिंग बॅगा पांघरलेल्या, चेहरा उतरलेला. मागचं दार उघडं होतं आणि तिथे स्वयंपाकघर नव्हतं. छत खाली आलेलं, कपाटं चिरडलेली, सगळ्याच्या मधोमध झाडाचं खोड. आणि ह्या बाजूला स्टोव्हवर कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा, सांधा फुटलेला, त्यात राहील तेवढं बोटभर पाणी. तिच्याकडे दुसरं भांडंच उरलं नव्हतं. निळं पातेलं कॅम्पिंगच्या सामानात होतं म्हणून तेवढं वाचलं होतं.

तिने पातेलं घेतलं, आत पाहिलं, थँक यू म्हणाली. मग अवघडून म्हणाली, "हे दुसऱ्या कशात काढलं तर चालेल का तुम्हाला? बाबांना सूप करायचंय. रुग्णवाहिका वाटेत आहे, पण त्यांच्या पोटात काही गेलं तर कदाचित नेणार नाहीत."

तिला पातेलं रिकामंच हवं होतं. तिने पाणी ओतून टाकलं आणि माझा शिरा, काजूंसकट, त्या कॉफीच्या डब्यात कोंबला. सूप झालं, पण म्हाताऱ्यांना गिळायचं त्राण नव्हतं. दोन घोट आत गेले, बाकीचं हनुवटीवरून ओघळलं. कोमट पाण्यात भिजवलेल्या ब्रेडवर त्यांनी ते सगळे दिवस काढले होते. त्यांना हॉस्पिटलला नेलं. घर सोडायचं नाही एवढाच त्यांचा हट्ट होता. घरी आले ते नाताळच्या सुमारास, पोटात नळी घेऊन.

रुग्णवाहिका दारात उभी होती तेव्हा मी तिला विचारलं, माझ्याकडे मागितलं का नाहीस? ती म्हणाली, "आले होते एकदा. पण तुम्ही परत केलं नव्हतं, म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गरज असेल, असं वाटलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या कपाटात स्टीलची पातेली एकात एक बसवून ठेवलेली, लग्नातली, वास्तुशांतीची, काहींचे तर स्टिकरसुद्धा निघालेले नाहीत. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा, पण तेवढ्यात ती गाडीत चढली, आणि खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढचे काही दिवस गावाने फायर हॉल, म्हणजे बंबवाल्यांची इमारत, सगळ्यांसाठी उघडून दिला होता. तिथे गरम जेवण, ब्लँकेटं, फोन चार्ज करायची सोय, आणि लोकांनी आणून दिलेल्या सामानाचे ढीग. ज्याला जे लागेल त्याने ते न्यावं. आम्ही काही गेलो नाही, आम्हाला काय कमी होतं?

एका सकाळी हॉलमधली एक आजीबाई दारात आली. तिच्या हातात मोठा खोका होता, नव्याकोऱ्या भांड्यांचा. म्हणाली, तुमच्या शेजारणीने सांगितलं, त्यांच्याकडे स्वयंपाकाला एकही पातेलं नाही, पण ते लोक मागणार नाहीत. तिच्यासाठी ठेवलेला हा सेट होता. तिने सांगितलं, आधी त्यांना द्या, मी नंतर बघेन.

नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. हे माझ्या मागे उभे होते. मी दोन्ही हात पुढे केले, खोका घेतला आणि थँक यू म्हणाले.