बॉनेट बघून शोधलेलं मॅन्युअल

इंजिन चालू झालं आणि असा ठोका वाजायला लागला की भूपालआण्णांनी कानांवर हात ठेवले. मी चटकन बंद केलं. ही तिसरी वेळ.

पलूसकडची आण्णांची द्राक्षबाग. घड फुलोऱ्यात आणि आभाळ सकाळपासून भरलेलं. अशा हवेत दावण्या रोग पडला की बघता बघता घड जातात. पावसाआधी औषध फवारायचं तर ट्रॅक्टरमागचा ब्लोअर चालला पाहिजे, आणि ट्रॅक्टर मी खोलून बसलेलो.

"मिस्त्री, व्हईल न्हवं? न्हाईतर वर्साचं गेलं बघा."

"व्हतंय की आण्णा." माझा मलाच भरवसा नव्हता.

डिझेल पंप गळत होता म्हणून काढला होता. पंपाखाली शिम असतात, म्हणजे कागदासारखे पातळ पत्रे. ते किती घालायचे यावर डिझेल सिलिंडरमध्ये नेमकं कधी फवारलं जाणार ते ठरतं. त्याला आम्ही टायमिंग म्हणतो. जुने शिम फाटलेले, तेही कुणीतरी अंदाजानं घातलेले. म्हणजे मॅन्युअल हवंच.

मोबाईलवर शोधलं. पहिल्या साईटनं भलतंच ॲप घ्यायला लावलं. दुसऱ्या पीडीएफचं मुखपृष्ठ बरोबर, आत गवत कापायचं मशीन. व्हिडिओतला एक जण म्हणे, दोन घाला, चालतंय. शेवटी बॉनेटवरचं नाव तंतोतंत असलेलं मॅन्युअल सापडलं आणि जीव भांड्यात पडला. त्याबरहुकूम शिम घातले. ठोका. दोनदा पुन्हा मोजून घातले, तरी तोच.

घामानं डोळे चुरचुरत होते. पुसता पुसता बॉनेटकडे नजर गेली. अख्खा ट्रॅक्टर उन्हानं विटलेला आणि बॉनेट तेवढं चकचकीत.

"आण्णा, बॉनेट बदललंय का?"

"व्हय, गेल्या साली. जुनं गंजलं हुतं. नव्या मॉडेलचं लय झ्याक दिसतंय, म्हनून त्येच बसवलं."

म्हणजे नव्या मॉडेलचं पुस्तक बघून मी जुनं इंजिन लावत होतो. स्वतःचाच राग आला. इंजिनाच्या प्लेटवर सिरियल नंबर असतो, तो आधी बघा, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो. प्लेट शोधली. तिच्यावर ऑइलपेंटचं लाल स्वस्तिक. दर खंडेनवमीला नवा हात, थरावर थर.

मी थिनरचा बोळा उचलला.

"आवं, पूजेचं हाय ते!"

"देवाला नंबर ठाऊक हाय आण्णा. मला न्हाई."

आण्णांनी एकदा आभाळाकडं बघितलं. मग माझ्या हातातला बोळा घेऊन स्वतःच घासायला बसले.

तो नंबर कंपनीच्या साईटवर टाकला. मॅन्युअल फुकट मिळालं. फरक फक्त एका शिमचा होता. तो घातला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं. दुपारी ब्लोअर बागेत शिरला. सांजेला पाऊस आला तेव्हा कडेच्या दोन ओळी राहिल्या होत्या. पुढं दावण्या आला तो त्या दोन ओळींतच. त्या ओळी माझ्या खाती आहेत.

मॅन्युअल शोधायच्या आधी नंबर शोधावा, एवढंच. त्या दिवशी गॅरेजवर येऊन मी पहिल्यांदा माझ्या कॉम्प्रेसरची प्लेट बघितली. लाल स्वस्तिक होतं. माझ्याच हातचं.